देठ

घनसावंगीच्या शिवारात मोसंबीचं झाड कुणी मोसंबीच्या बीपासून वाढवत नाही. आधी रंगपूर लिंबाचं किंवा जंबेरीचं रोप तयार करायचं. ते पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला टी अक्षरासारखी चीर द्यायची, साल चाकूच्या टोकाने अलगद उचलायची आणि त्या खिशात मोसंबीचा डोळा सरकवायचा. वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. रोपवाटिकेत याला डोळा भरणं म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडून बघायचं. डोळा हिरवा असेल तर लागला, काळा पडला असेल तर वाया गेला. सालीखालच्या ओल्या थराला डोळा चिकटून राहिला का, मध्ये हवा शिरली का, रोपाला पाणी होतं का, एवढ्यावर सगळं ठरतं.

दातांच्या दवाखान्यात हिरडीचं कलम करतात तेव्हा नेमकं हेच चाललेलं असतं. टाळूचा एक पातळ तुकडा कापून हिरडीच्या खिशात सरकवायचा, टाके घालायचे आणि तो जगतो की काळा पडतो याची वाट पाहायची. इंग्रजीतल्या ग्राफ्टला मराठीत झाडासाठी आणि माणसासाठी एकच शब्द आहे, आणि या प्रकरणापुरता तरी तो इंग्रजीपेक्षा जास्त सांगून जातो. कलम म्हटलं की शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. डॉक्टरांच्या मनात रक्ताचा यावा लागतो. पुढे जे प्रकार सांगणार आहे ते सगळे याच एका प्रश्नाला शोधलेली उत्तरं आहेत: कापून आणलेल्या तुकड्याला रक्त कुठून मिळणार?

आधी दुखणं काय ते पाहू. तालुक्याच्या गावांतही आता कवळीऐवजी ‘स्क्रूचा दात’, म्हणजे इम्प्लांट, बसवून घेतलेले लोक भेटतात. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर मधला जोडतुकडा म्हणजे अबटमेंट, आणि सगळ्यात वर कॅप. स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले, आणि हाड टायटॅनियमला धरतं यावर आता कुणी वाद घालत नाही. हाडाचं काम चोख होतं. कुरकुर सुरू होते ती हिरडीची. वर्ष-दोन वर्षांनी माणूस आरशात पाहतो तेव्हा पुढचा दात शेजारच्या दातापेक्षा लांब दिसायला लागलेला असतो. कडेला राखाडी झाक येते, कधी धातूची रेघ उघडी पडते. लोक म्हणतात, हिरडी उतरली.

थोडीफार हिरडी तर बहुतेकांची उतरते. अमेरिकेतल्या स्मॉल आणि टार्नो या दोघांनी ६३ इम्प्लांटचा वर्षभर मागोवा घेतला आणि २००० साली निष्कर्ष छापले. दहापैकी आठ ठिकाणी ओठाकडची कड खाली सरकली होती आणि बहुतेक सरकणं पहिल्या तीन महिन्यांतच झालं होतं. एक मिलिमीटर सरकेल असं धरूनच चाला, असं त्यांचं सांगणं. म्हणून शहाणा डॉक्टर पुढच्या दाताला लगेच पक्की कॅप लावत नाही, तात्पुरती लावून तीन महिने थांबतो. ‘एवढे पैसे भरले, वर अजून कच्चाच दात,’ म्हणून चिडणाऱ्या रुग्णाला हा हिशोब कुणी समजावून सांगत नाही, हे मात्र खरं.

पण कड दोन-तीन मिलिमीटर उतरते तेव्हा कारण दुसरं असतं. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे स्क्रूच ओठाच्या दिशेने पुढे बसलेला असतो. त्याच्यापुढचं हाड कागदासारखं पातळ, ते विरघळतं आणि हिरडीचा आधार जातो. काहींची हिरडीच जन्मतः पातळ असते, इतकी की आत घातलेली मोजपट्टीची सळई बाहेरून दिसते. काहींच्या स्क्रूभोवती घट्ट, गुलाबी हिरडी उरलेलीच नसते. गालाच्या आतली सैल, लालसर त्वचा थेट दातापर्यंत आलेली असते. तिथे ब्रश लागला की झोंबतं, म्हणून माणूस तिथे घासायचं टाळतो. मग कीट साचतं, सूज येते, हिरडी आणखी उतरते.

इथे मूळच्या दाताची आणि स्क्रूच्या दाताची वाट वेगळी होते. मूळच्या दाताच्या मुळावर हाडासारखा एक थर असतो आणि हिरडीतले तंतू त्यात आडवे घुसून रुतलेले असतात, खुंटीला दोर बांधावेत तसे. टायटॅनियमवर असा थर नसतो. त्यामुळे हिरडीचे तंतू स्क्रूला धरत नाहीत, त्याच्या बाजूने उभे जातात किंवा त्याला गळपट्ट्यासारखे वेढतात. दुसरी उणीव त्याहून मोठी. दात आणि हाड यांच्यामध्ये एक मऊ अस्तर असतं आणि त्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. हिरडीला एक पुरवठा तिथून मिळतो. दात काढला की ते अस्तर त्याच्याबरोबर जातं. बर्गलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बीगल कुत्र्यांच्या जबड्यात हे तपासून दाखवलं: स्क्रूभोवतालच्या हिरडीला रक्त येतं ते फक्त हाडावरच्या आवरणाकडून, अस्तराकडून येणारी वाट बंद झालेली असते. कालव्याच्या दोन चाऱ्यांपैकी एक कायमची बुजलेली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भरवशावर बाग लावलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणजे ज्या जमिनीत कलम लावायचं, ती मुळातच कोरडवाहू.

इथे थोडं मागे जायला हवं, पुण्याला आणि १७९३ सालात. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा करणाऱ्या जातीतल्या माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. पत्रात त्या कारागिराचं नाव नाही. गाडीवानाचं नाव आहे, त्याचं नव्या नाकासकट चित्र आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावंही आहेत. ज्याने हात चालवला तो तेवढा निनावी राहिला.

त्याने केलं ते असं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून नवं नाक घडवलं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोलली, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक बारीक पट्टी जोडलेलीच ठेवली. जुन्या नाकाची वाळलेली कड खरवडून ताजी केली, कपाळाची कातडी अर्धी पिळून खाली आणली आणि तिची कड चिरेत बसवली. टाके नाहीत. विड्यात घालतो तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. डोळ्यांच्या मधली ती पट्टी तोडली सुमारे पंचविसाव्या दिवशी.

ती बारीक पट्टी म्हणजे देठ. नवं नाक खालून रुजेपर्यंत त्याला कपाळातून रक्त पुरवणारा देठ. पत्र लिहिणाऱ्यानेही हे हेरलं होतं. मिलन होईपर्यंत रक्त खेळतं राहावं म्हणून ही पट्टी राखतात, असं त्याने नोंदवलं आहे. पुढे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये याच पद्धतीने नाक केलं आणि युरोपात हा प्रकार ‘भारतीय पद्धत’ म्हणून रुजला. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याचं वर्णन आहे हे आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र त्या पोथीपेक्षा पुण्याच्या त्या कारागिराचा संयम मोठा वाटतो. पंचवीस दिवस देठ न तोडता थांबणं सोपं नाही.

आता तोंडात येऊ. हिरडीच्या कलमांचे जे प्रकार आज वापरात आहेत, त्यांची दोन घराणी आहेत: देठ राखणारे आणि देठ तोडणारे.

देठ राखणाऱ्यांत एक जुना प्रकार म्हणजे शेजारच्या दाताची हिरडी सरकवून आणणं; ग्रुप आणि वॉरन यांनी तो १९५६ मध्ये मांडला. उतरलेल्या हिरडीला वर खेचून नव्या जागी टाके घालणं हाही त्याच घराण्यातला. इम्प्लांटच्या बाबतीत त्याहून सुंदर एक युक्ती आहे, एब्रम्स यांनी १९८० मध्ये सांगितलेली. टाळूच्या बाजूची हिरडी पट्टीसारखी सोडवायची, तिचं वरचं साल खरवडायचं आणि सतरंजीची कड आत दुमडावी तशी ती ओठाकडच्या हिरडीखाली गुंडाळून सरकवायची. पुढे दबलेली खोलगट जागा भरून येते, आणि पट्टी जागची तुटलेली नसल्याने तिचं रक्त तिच्याबरोबर येतं. पुण्याच्या त्या कारागिराला ही युक्ती एका दृष्टिक्षेपात कळली असती. मर्यादा एवढीच की देठाला लांबी असते. शेजारी हिरडी भरपूर असेल आणि उणीव थोडी असेल तरच तो पुरतो.

पुरत नाही तेव्हा देठ तोडावा लागतो, तुकडा दुसरीकडून आणावा लागतो. तो येतो टाळूवरून. यातही दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिला प्रकार टाळूचा तुकडा वरच्या सालासकट उचलण्याचा. साठच्या दशकात तो रुळला आणि १९६८ मध्ये सलिव्हन आणि अॅटकिन्स यांनी त्याचे नियम बांधून दिले. सैल, लालसर त्वचा बाजूला करून खालचं आवरण उघडं करायचं आणि त्यावर हा दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तुकडा टाक्यांनी घट्ट बसवायचा. पहिले दोन-तीन दिवस त्याला रक्तवाहिनी नसते. खालून पाझरणाऱ्या द्रवावर तो कसाबसा जगतो. मग खालच्या वाहिन्या त्यात शिरू लागतात. या दिवसांत तो मिलिमीटरभर जरी हलला तरी कोवळे धागे तुटतात. खालच्या दाढेच्या जागी, जिथे घट्ट हिरडीच उरलेली नाही आणि ब्रश झोंबतो, तिथे या तुकड्याला तोड नाही. पण तो आकसतो आणि रंग बदलत नाही. टाळूचा फिकटपणा आयुष्यभर तसाच राहतो, गुलाबी साडीला लावलेल्या पांढुरक्या ठिगळासारखा. दाढेपाशी ते कुणाला दिसतं? पुढच्या दातावर मात्र हा प्रकार करू नये.

पुढच्या दातासाठी दुसरा प्रकार आहे. त्यात वरचं साल नको असतं, सालाखालचा दाट, पांढरट थर हवा असतो. त्याला संयोजी ऊतक म्हणतात. लँगर आणि लँगर यांनी १९८५ मध्ये मूळच्या दातांसाठी ही पद्धत मांडली. हिरडी खिशासारखी उघडायची, हा तुकडा आत सरकवायचा आणि वरून तीच हिरडी ओढून झाकायची. आता त्याला रक्त दोन बाजूंनी मिळतं, खालच्या आवरणातून आणि वरच्या हिरडीतून. मोसंबीचा डोळा सालीखाली का सरकवतात, नुसता वर का चिकटवत नाहीत, त्याचंही कारण हेच: उघडा ठेवला तर वाळतो. रंगही जुळतो, कारण वर दिसतं ते त्याच जागेचं साल.

त्यात आणखी एक गंमत आहे. कॅरिंग, लांग आणि ल्यो यांनी १९७५ मध्ये माकडांवर प्रयोग केला. घट्ट हिरडीतलं सालाखालचं ऊतक त्यांनी सैल त्वचेच्या आत पुरलं आणि नंतर ते उघडं केलं. भोवतालच्या सैल त्वचेतूनच नवं साल त्यावर सरकत आलं, पण ते उगवलं घट्ट हिरडीसारखं. साल कसं असावं हे खालचं ऊतक ठरवतं. रोप लिंबाचं असो, डोळा मोसंबीचा असेल तर फळ मोसंबीचंच येतं, तसंच. म्हणून काही शल्यचिकित्सक टाळूच्या वरच्या थरातूनच पातळ तुकडा घेतात आणि तोंडाबाहेर, ताटलीत ठेवून त्याचं साल खरवडतात. सालाला लगटून असलेला थर दाट असतो. खोलवरच्या थरात चरबी जास्त, ती उपयोगाची नाही.

याने झाकलं किती जातं? या प्रश्नाला दोन अभ्यासांची उत्तरं शेजारी ठेवली की सगळं कळतं. स्वित्झर्लंडमधल्या बुर्कहार्ट, योस आणि लांग यांनी दहा रुग्णांच्या इम्प्लांटवर ही शस्त्रक्रिया केली आणि २००८ मध्ये आकडे छापले. महिन्याने ७५ टक्के भाग झाकलेला होता, सहा महिन्यांनी ६६ टक्के. म्हणजे टाके काढले त्या दिवशी झकास दिसलेली हिरडी हळूहळू परत उतरली. इटलीतल्या जोव्हान्नी झुक्केल्ली यांनी २०१३ मध्ये वीस रुग्णांचे आकडे दिले. वर्षाने सरासरी ९६ टक्के झाकलं गेलं होतं आणि चारांतल्या तीन रुग्णांमध्ये पूर्ण. शस्त्रक्रिया जवळजवळ तीच, मग एवढा फरक का? झुक्केल्लींनी कलमाआधी कॅप काढली, जोडतुकडा घासून बारीक केला आणि हिरडीला बसायला जागा मोकळी केली. आणि कोणता रुग्ण घ्यायचा हे आधी ठरवलं. माझ्या मते यशाचा मोठा वाटा या दोन गोष्टींचा आहे. फुगीर कॅप तशीच ठेवून तिच्या गळ्याभोवती हिरडी ओढत बसणं म्हणजे तोकडं पांघरूण ताणणं. आपल्याकडे कॅप काढायला रुग्ण राजी नसतो, आणि डॉक्टरही भिडेपोटी आग्रह धरत नाही.

राखाडी झाकेचा हिशोब वेगळा. तिथे कड उतरलेली नसली तरी हिरडी पातळ असल्याने धातू आतून डोकावतो. युंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डुकराच्या जबड्यावर मोजून पाहिलं. हिरडी तीन मिलिमीटर जाड असेल तर आत टायटॅनियम आहे की आणखी काही, हे माणसाच्या डोळ्याला ओळखता येत नाही. दोन मिलिमीटरला झिर्कोनियाचा पांढरा तुकडा चालून जातो. अशा वेळी कलम उंची वाढवायला नाही, जाडी वाढवायला करतात, आणि ते बऱ्यापैकी भरवशाचं आहे.

टाळूवरून तुकडा घ्यायचा म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. भीती अगदीच निराधार नाही. टाळूत दोन्ही बाजूंना एक-एक रोहिणी मागून पुढे येते. टाळू उथळ असेल तर ती दातांच्या कडेपासून सातच मिलिमीटरवर, मध्यम असेल तर बारा, खोल असेल तर सतरा मिलिमीटरवर. म्हणून सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यातच, मोजून, कापतात. जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. वरून प्लास्टिकची प्लेट घातली तर जेवणही होतं, फक्त भाकरी वरणात कुस्करून आणि ठेचा बाजूला ठेवून.

टाळूच नको म्हणणाऱ्यांसाठी पर्याय आहेत. डुकराच्या कोलॅजेनची तयार जाळी बाजारात मिळते, दान केलेल्या कातडीतल्या पेशी काढून टाकलेला थर मिळतो. त्यांतलं काय कुठून आलं हे डॉक्टरांना विचारायला रुग्णाने लाजू नये, आणि डॉक्टरांनी न विचारताच सांगावं. स्वतःच्याच रक्ताची नळी फिरवून काढलेला फायब्रिनचा गोळा, पीआरएफ, हा आपल्या दवाखान्यांत लोकप्रिय आहे कारण स्वस्त आहे. जखम भरायला तो मदत करतो, टाळूच्या तुकड्याची जागा घेत नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून चालते. प्रसूतीनंतर दान केलेल्या वारेची पातळ झिल्ली, वाळवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून, तिथून मिळते. मूळच्या दातांच्या हिरडीसाठी भारतात ती वापरली गेली आहे. इम्प्लांटभोवती तिचा पुरावा अजून तोकडा आहे. आणि या सगळ्या आयत्या मालात जिवंत पेशी नसतात. रक्त त्यांनाही लागतंच, उलट भोवतालच्या पेशी आत येऊन वस्ती करतील याची वाट पाहावी लागते.

रक्ताची वाट अडवणारी एक गोष्ट आपल्याकडे घरोघरी आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होती. निकोटिन बारीक वाहिन्या आवळतं. त्यात मशेरी तर बोटाने थेट हिरडीवरच चोळली जाते, जिथे कलम लावायचं नेमकं तिथेच. ‘मी खात नाही, नुसती लावते,’ असं आजी सांगतात, आणि त्यांच्या हिशोबाने त्या खोटं बोलत नसतात. साखर ताब्यात नसलेला मधुमेह हा दुसरा अडसर.

घनसावंगीचा माणूस या कामासाठी जालन्याला किंवा पुढे छत्रपती संभाजीनगरला जातो; तिथे शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिरड्यांचा विभाग आहे. पण हे एका चकरेचं काम नाही. आठवड्याने दाखवायचं, दोन आठवड्यांनी टाके काढायचे, मग महिन्याने, तिमाहीने. पहिले काही आठवडे त्या जागी ब्रश नाही, नुसतं औषधी पाण्याने चूळ. आणि सगळ्यात अवघड पथ्य म्हणजे ओठ वर करून बघायचं नाही, शेजाऱ्याला दाखवायचं तर मुळीच नाही. रोज डोळा लागला का म्हणून पट्टी सोडून बघणाऱ्याचा डोळा कधीच लागत नाही.

शेवटी उरतो तो स्क्रू, जो मुळातच चुकीच्या जागी आहे. शेजारच्या दातांच्या रांगेच्या पुढे आलेला, निम्मा हाडाबाहेर. त्यावर कितीही उत्तम कलम केलं तरी खाली धातू आणि वर ओठाचा ताण, मध्ये हिरडीला तगायला जागाच नाही. अशा वेळी प्रामाणिक डॉक्टर कलम सुचवत नाही. स्क्रू काढायला सांगतो, किंवा कॅप काढून तो हिरडीखाली गाडून टाकतो आणि शेजारच्या दातांवर पूल बसवतो. रुग्णाला हे ऐकायचं नसतं, आणि ज्याने स्क्रू बसवला त्याला तर नाहीच नाही.